तुम्ही विचारलंत म्हणून : सांगाडे, ड्रॅगन आणि एक चाक

मी काय बघत बसलेय हे कुणी पाहिलं की प्रश्न ठरलेला असतो. ‘आता एवढे भव्य फँटसी सिनेमे येतात, ड्रॅगनच्या अंगावरचा एकेक खवला मोजता येतो. मग तलवारी आणि चेटकांचे हे जुने सिनेमे तू पुन्हा पुन्हा का बघतेस? त्यातले राक्षस तर धड चालतसुद्धा नाहीत.’ इतक्यांदा विचारलंत, तर आता नीट सांगते.

राक्षस अडखळतात हे खरं आहे. तिथूनच सुरुवात करू.

१९६३ च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये शेवटाकडे तीन माणसं आणि सात सांगाड्यांची लढाई आहे. सांगाडे जमीन फोडून वर येतात. हातात ढाल-तलवार असते, पण लगेच अंगावर येत नाहीत. किंचित वाकून, दबा धरल्यासारखे उभे राहतात. मग सगळे मिळून एक पाऊल पुढे टाकतात. मग आणखी एक. आणि मग किंकाळी फोडून धावत सुटतात. माझ्या अंगावर काटा येतो तो त्या धावण्याने नाही, आधीच्या थांबण्याने. आजही येतो.

हे सातही सांगाडे रे हॅरीहाउसेन या एका माणसाने हलवले. नटांनी आधी खऱ्या माणसांबरोबर तालीम केली आणि मग कॅमेऱ्यासमोर चक्क हवेशी लढले. पुढचं काम हॅरीहाउसेनचं. आत धातूचे सांधे असलेल्या वीतभर बाहुल्या, प्रत्येकीचा हात, पाय, मान, तलवार केसभर सरकवायची, एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, घ्यायची, पुन्हा सरकवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात आणि त्याच्या हातून दिवसाला साधारण १३ व्हायच्या. म्हणजे दिवसभर खपून पदरात पडायचा जेमतेम अर्धा सेकंद. मोजक्या मिनिटांच्या या लढाईला साडेचार महिने गेले.

आता ते अडखळणं. धावणारा माणूस कॅमेऱ्यात थोडा पुसट उमटतो, कारण एकेक फ्रेम टिपली जात असतानाही तो हलतच असतो. बाहुली मात्र प्रत्येक फ्रेमला स्तब्ध असते, त्यामुळे तिची हालचाल तुटक, टोकदार दिसते. पण मला सांगा, अंगावर मांस नाही, स्नायू नाहीत, असं शरीर उठून चालायला लागलं तर ते याहून वेगळं कसं चालेल? मला तर ती चाल अगदी बरोबर वाटते. तो या जगातला प्राणी नाही, हे त्याच्या प्रत्येक पावलात दिसतं.

हॅरीहाउसेनचा शेवटचा चित्रपट १९८१ चा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’. त्यातली मेड्यूसा, ग्रीक पुराणातली राक्षसीण, मशालींच्या उजेडात हातांवर जोर देऊन स्वतःला ओढत पुढे येते. पाय नाहीत, कमरेखाली सापाचं अंग आहे आणि शेपटीच्या टोकाला खुळखुळा. ती दिसण्याआधी तो खुळखुळा ऐकू येतो. अंगावर लवलवणारा आगीचा उजेड हलत्या बाहुलीवर आणायचा म्हणजे दर फ्रेमला बाहुलीबरोबर प्रकाशही बदलत न्यायचा. इतकं कुणी का करावं? मला वाटतं, त्या बाईची भीती आधी त्याला स्वतःला वाटत असणार.

मला या सिनेमांमध्ये सगळ्यात जास्त काय आवडतं असं विचाराल, तर तिथे अद्भुत गोष्ट स्वस्त नसते. बनवणाऱ्याला नसते आणि गोष्टीतल्या माणसांनाही नसते. या प्रकाराला ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ (तलवार आणि चेटूक) हे नाव फ्रिट्झ लायबर या लेखकाने १९६१ मध्ये सुचवलं, पण मूळ धाटणी रॉबर्ट ई. हॉवर्डने १९३० च्या दशकात लिहिलेल्या कोनन नावाच्या रानटी योद्ध्याच्या कथांची. त्यांतला नायक जग वाचवायला बाहेर पडलेला नसतो. त्याला एखादं रत्न चोरायचं असतं, सूड घ्यायचा असतो, नाहीतर सकाळपर्यंत जिवंत राहायचं असतं. जादू त्याच्या हातात नसते, ती समोरच्याकडे असते, आणि म्हणून ती भयंकर वाटते. जिथे प्रत्येक पात्राच्या बोटांतून ठिणग्या उडतात तिथे मला चार मिनिटांत कंटाळा येतो.

१९८१ चा ‘ड्रॅगनस्लेयर’ घ्या. राज्यावर ड्रॅगनची दहशत आहे. त्याला शांत ठेवायला कुमारिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून बळी निवडतात. राजाने आपल्या मुलीची चिठ्ठी त्यात कधी पडूच दिलेली नाही. राजकन्येला हे कळतं तेव्हा ती काय करते? पुढच्या सोडतीत सगळ्या चिठ्ठ्यांवर स्वतःचं नाव लिहून ठेवते. मी पहिल्यांदा बघत होते तेव्हा खात्री होती की नायक हिला वाचवणार. तो पोचतो तोवर ती मेलेली असते आणि ड्रॅगनची पिल्लं तिला खात असतात. त्या दृश्यानंतर मी बराच वेळ गप्प होते. आणि शेवटी, ड्रॅगन मेल्यावर, राजा त्या कलेवरात तलवार खुपसून श्रेय स्वतःकडे घेतो!

त्यातला ड्रॅगन बराच काळ पूर्ण दिसतच नाही. एखादा पंजा, शेपूट, सावली, बस्स. बाहुल्या हलवणारा फिल टिपेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी ‘गो-मोशन’ नावाची युक्ती काढली. संगणकाने चालणाऱ्या दांड्यांनी बाहुली फ्रेम टिपली जात असतानाच हलवायची, म्हणजे हालचालीला खरा पुसटपणा येतो. मघाशी ज्या अडखळण्याची मी बाजू घेतली तेच यांनी घालवलं, आणि तरी मला हा ड्रॅगन तितकाच प्रिय आहे. सांगाड्याला तुटक चाल शोभते. म्हातारा, दुखावलेला, चिडलेला प्राणी जड आणि सलग हलायला हवा. हे ज्याला उमगलं त्याच्या हातात बाहुली असो की आणखी काही, मला फरक पडत नाही.

आणि ते चाक. दिग्दर्शक जॉन मिलियसचा ‘कोनन द बार्बेरियन’, १९८२. आईवडील डोळ्यांदेखत मारले गेलेलं पोर गुलाम म्हणून उघड्या माळावरच्या एका अजस्र चाकाला जुंपलं जातं. बाकीच्या मुलांबरोबर ते गोल गोल ढकलत राहतं. ऋतू बदलतात. आजूबाजूचे एकेक कमी होत जातात. पाय मोठे होतात, दंड भरतात, आणि शेवटी ते चाक एकटाच ढकलणारा माणूस मान वर करतो. तो आर्नोल्ड श्वार्झनेगर. संवाद एकही नाही, फक्त बेसिल पोलेडूरिसचं संगीत. एका माणसाचं सगळं बालपण असं डोळ्यांसमोर झिजून जातं. हे दृश्य ज्याने मन लावून पाहिलंय त्याने या सिनेमांना नुसता पैलवानी दंगा म्हणू नये, एवढीच माझी विनंती आहे.

सगळंच गोड मानून घेते असं नाही. या लाटेत केवळ पैशासाठी उरकलेले सिनेमे खूप निघाले, आणि बायकांना तोकडे कपडे घालून नायकाच्या पायाशी बसवायची खोड त्यातल्या फार जणांना होती. ते मला तेव्हाही खुपलं, आताही खुपतं. म्हणूनच कोननमधली व्हॅलेरिया मला जवळची वाटते. ती साकारणारी सँडल बर्गमन मुळात नर्तिका. तलवार फिरवताना तिचे पाय बघा, एक पाऊल वाया जात नाही. ती स्वतः चोर आहे, स्वतःच्या मर्जीने प्रेमात पडते, आणि मरणाच्या दारातल्या कोननसाठी, त्याला न्यायला आलेल्या भुतांशी झुंजते. त्याची किंमत नंतर जीव देऊन चुकवते.

गेल्या महिन्यात भाची माझ्याशेजारी बसून ती सांगाड्यांची लढाई बघत होती. १३ फ्रेमचा हिशोब मी तिला सांगितला. तिने रिमोट घेतला, चित्र मागे नेलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोठ्याने मोजायला लागली. तेराव्या फ्रेमला सांगाड्याचा पाय उचललेलाच होता.

‘आत्या, एवढाच एक दिवस? मग हा पाय खाली कधी टेकणार?’

‘उद्या,’ मी म्हटलं.

तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.