पेननं लिहिलेलं शून्य

रात्रीचा दीड. पंखा पाचवर, तरी उकडतंय. अभ्यासिकेतून येऊन तीन तास झाले, पण ते शून्य डोक्यातून जात नाहीये.

सकाळपासून फिजिक्सच्या जुन्या पेपरांचा धडाका लावला होता. सीमाताईनं दिलेलं स्पायरल, अप्पा बळवंत चौकातून करून आणलेल्या झेरॉक्सचं. डिस्प्लेसमेंट करंट, पॉइंटिंग व्हेक्टर, बाउंडरी कंडिशन्स, फिरून फिरून तेच. ताईनं पेन्सिलीनं चांदण्या काढून ठेवल्यात, शेजारी 'येतोच'. आणि येतोच. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे हे मॅक्सवेलनं १८६५ मध्ये मांडलं. ते मी चहा निवायच्या आत पाच मार्कांत उतरवते. तीन पेपर असे सुटले की मनातल्या मनात बाबांना फोनही करून झाला. (बाबांचं राहू दे.)

चौथ्यात गोळा आला. सगळीकडे सारखा चार्ज असलेला भरीव गोळा, आतलं इलेक्ट्रिक फील्ड: रो आर बाय थ्री एप्सिलॉन नॉट. (रो म्हणजे चार्जची घनता, आर म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, एप्सिलॉन नॉट ठरलेला आकडा.) झोपेतही येतं. फक्त या गोळ्याच्या पोटात एक गोल पोकळी होती, मध्यापासून जरा बाजूला, आणि फील्ड विचारलं होतं पोकळीतलं. मी क्षणभरही थांबले नाही. पोकळीत चार्ज नाही, गॉस लॉ, म्हणून फील्ड शून्य. समासातच लिहिलं, पेननं. खाली दोन रेघा.

जिन्यात डबा उघडता उघडता प्राचीनं डोकावून पाहिलं. "अगं, फ्लक्स शून्य झाला. फील्ड कशावरून?"

एवढंच. ती पोळीभाजीकडे वळलीसुद्धा. फ्लक्स म्हणजे पृष्ठभागातून आत-बाहेर जाणाऱ्या फील्डची गोळाबेरीज. जेवढं आत शिरलं तेवढंच बाहेर पडलं की ती शून्य, फील्ड मात्र असू शकतं. गॉस लॉ फक्त त्या बेरजेबद्दल बोलतो.

चुकतं, त्याचं काही नाही. पण मला साधी शंका येऊ नये? आणि त्या दोन रेघा! टिळक रोडनं चालत येताना तेच. पोकळी बरोबर मध्यात असती तर शून्यच उत्तर होतं, आणि मी टिक मारून खुशीत पुढे गेले असते. असे किती टिक मारलेत कोण जाणे. घरी सांगतात, पोरगी पुण्यात फिजिक्स करतेय. पोरगी चांदण्या मोजतेय.

सीमाताईला विचारावंसं वाटलं, पण तिचं आता... असो.

अकराला पुन्हा बसले. पोकळी भरून टाकली, आख्खा गोळा धरला, आणि पोकळीच्या जागी तेवढाच उलट्या चार्जचा छोटा गोळा ठेवला. दोन्हींच्या फील्डची बेरीज केली, तर आर कटूनच गेला. उरलं दोन केंद्रांमधलं अंतर. म्हणजे त्या रिकाम्या पोकळीत कुठेही जा, फील्ड तेवढंच, त्याच दिशेला. मी वहीकडे बघतच बसले.

आणि लागलं काय त्याला? तेच रो आर बाय थ्री एप्सिलॉन नॉट. ज्याचा रट्टा मारला म्हणून रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या, तेच दोनदा, एकदा अधिक, एकदा उणे. घ्या.

दोन पेपर उरलेत. त्यातल्या चांदण्या आधी खोडरबरानं पुसल्या. तरी पेन्सिलीचे वळ दिसतातच, आणि दिसले की जरा बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू.

स्पायरल पुढच्या बॅचला द्यायचंय. शून्य काही पुसलं जात नाही. प्राचीकडे व्हाइटनर आहे, पण ती घोरतेय.