लेखकाचं नाव सांगून पुस्तक मिळत नाही

पेशानं डॉक्टर असलेल्या रॉबिन कुकच्या थरारकादंबऱ्यांतली जॅक स्टेपलटन आणि लॉरी माँटगोमेरी ही शवचिकित्सकांची जोडी मराठीत मिळाली तेवढी वाचून झाली, तेव्हा पुढं काय वाचायचं हा प्रश्न मला अवघड वाटला नव्हता. नावं काढायला एक संध्याकाळ पुरते. गाडी अडली ती नावं हातात आल्यावर, बेळगावातल्या एका वाचनालयाच्या काउंटरवर. तो वैताग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

सोपा भाग आधी उरकतो. मालिका संपली की ‘असंच लिहिणारा दुसरा कोण’ असं विचारत फिरू नका. त्या मालिकेत आपण नेमके कशाला चिकटलो होतो ते आधी ठरवा. नायक, त्याचा धंदा, कोडं, पाठलाग की भीती? पाचातलं एकच निवडायचं. निवडता येत नसेल तर संपलेल्या मालिकेतला कुठला प्रसंग पुन्हा उघडून वाचावासा वाटतो ते बघा, उत्तर तिथंच असतं. माझ्या बाबतीत ते शवविच्छेदनाचं टेबल होतं. मृत्यू साधा दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी भलतंच दिसतं आणि मागं कुणाचातरी पैसा निघतो. म्हणजे मला ‘डॉक्टर लेखक’ नको होता, ‘शवागार’ हवं होतं. एवढं कळल्यावर पॅट्रिशिया कॉर्नवेल (स्वतः डॉक्टर नाहीत, पण व्हर्जिनियाच्या शवचिकित्सकांच्या कार्यालयात नोकरी केलेली, स्कार्पेटा मालिका १९९० पासून), कॅथी राइक्स (हाडांवरून माणूस ओळखण्याचं काम खरोखर करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ, मालिका १९९७ पासून) आणि टेस गेरिट्सन (पेशानं डॉक्टर) ही तीन नावं आपोआप पुढं आली.

ज्यांना सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आवडला आणि संपला, त्यांना कोर्ट हवं असतं. त्यांनी पेरी मेसनवाले गार्डनर आणि जॉन ग्रिशॅम घ्यावेत, दोघंही वकिली केलेले. शिरवळकरांचाच दारा बुलंद संपला असेल, म्हणजे पाठलाग हवा असेल, तर गुरुनाथ नाईक आहेतच. त्याशिवाय हिंदीत सुरेंद्र मोहन पाठकांचा विमल आहे. लिपी देवनागरीच, चार पानांत सवय होते. कोडं हवं असेल तर ॲगाथा ख्रिस्ती मधुकर तोरडमलांनी मराठीत आणलेली आहे आणि सत्यजित रायांचा फेलूदा अशोक जैनांनी. भीतीवाल्यांना धारप आणि मतकरी पाठ असतात, त्यांनी हृषीकेश गुप्ते वाचावेत. आणि आपल्याकडं शाळेत कन्नड शिकलेल्यांची कमी नाही, त्यांनी एन. नरसिंहय्या, टी. के. रामराव यांच्या पत्तेदारी (म्हणजे गुप्तहेरी) कादंबऱ्या आणि तेलुगूतून कन्नडमध्ये आलेले यंडमूरी वीरेंद्रनाथ का सोडावेत, हे मला खरंच कळत नाही.

आता काउंटर. मी ‘गेरिट्सन’ म्हटलं. ताईंनी मान वर केली. “पुस्तकाचं नाव सांगा की काका. लेखकावरनं येत नाही बघा इथं.”

पुस्तकाचं नाव माहीत असतं तर लेखक कशाला शोधत बसलो असतो? पण ताईंचा दोष काडीचा नाही. त्यांच्यासमोर दाखल रजिस्टर होतं, आणि त्यात पुस्तकं आली त्या क्रमानं चढवलेली असतात. दाखल क्रमांक, तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. कारकुनी हिशेबाला ते चोख आहे, शोधायला शून्य. संगणक आला तेव्हा हेच रजिस्टर जसंच्या तसं टाइप करून घेतलं गेलं. घोळ तिथून सुरू झाला. हे दुखणं एकाच वाचनालयाचं नसावं, म्हणून नेमकं कुठं काय अडतं आणि त्यातून वाट कशी काढायची ते सविस्तर सांगतो.

पहिली अडचण फॉन्टची. जुनी नोंद बिगर-युनिकोड फॉन्टात केलेली असेल (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला क्रमांक) तर पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांचीच चिन्हं. तुम्ही आजच्या कीबोर्डनं कितीही शुद्ध ‘कुक’ टाइप करा, संगणकाच्या लेखी असा शब्दच त्या यादीत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. यादीतलं एखादं नाव कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये चिकटवा. तिथं रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर शोध-खिडकीचा नाद सोडा. त्या काळातली पुस्तकं छापील यादीतच बघावी लागतात.

दुसरी अडचण, युनिकोड झाल्यानंतरची. ‘ॲगाथा’ टाइप करायच्या किमान तीन तऱ्हा आहेत. ‘अ’वर चंद्र देऊन, सलग ‘ॲ’ वापरून किंवा हिंदी कीबोर्डवरचा ‘ऍ’ घेऊन. डोळ्यांना जवळपास सारख्या, यंत्राला तीन वेगळ्या. त्यात ख्रिस्ती, ख्रिस्टी, क्रिस्टी. ग्रिशम, ग्रिशॅम, ग्रीशाम. कुक आणि कूक. जुळवून शोधणारा प्रोग्राम ऱ्हस्व-दीर्घालासुद्धा माफी देत नाही. उपाय एकच, अख्खं नाव टाकायचं नाही, ज्या तुकड्यावर वाद होत नाही तेवढाच टाकायचा. ‘गाथा’ टाकलं की बाई सापडतात. तुकोबाही सापडतात, पण ते बाजूला काढता येतात.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि तिच्यापायी मी सर्वाधिक चिडलो. अनुवादित पुस्तकाच्या नोंदीत ‘लेखक’ या रकान्यात बऱ्याचदा अनुवादकाचं नाव असतं. रकाना एकच. नोंद करणाऱ्यानं मुखपृष्ठावरचं ओळखीचं मराठी नाव उचललं आणि चढवलं. त्यामुळं कुक शोधून मिळत नाही, ‘जोगळेकर’ शोधलं की मिळतो, कारण कुकच्या बऱ्याच कादंबऱ्या प्रमोद जोगळेकरांनी मराठीत आणलेल्या आहेत. एकदा हे ध्यानात आलं की हीच खोड आपल्या कामाला येते. परदेशी नावाची सतरा रूपं होतात, मराठी आडनावाचं सहसा एकच असतं. त्यामुळं वाचनालयात जाण्याआधी हव्या त्या लेखकाचा मराठी अनुवादक कोण, हे प्रकाशकाच्या सूचीतून काढून ठेवायचं आणि काउंटरवर थेट अनुवादकाचं नाव सांगायचं. सूची वेगळी मागवायची गरज नाही. अनुवादित थरारकादंबरीची शेवटची पानं उघडा, त्याच प्रकाशकाची त्याच जातीची पुस्तकं मूळ लेखक आणि अनुवादकासह बहुधा तिथंच छापलेली असतात. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नोंद सापडली तरी पुस्तक सापडेलच असं नाही. वर्गीकरण दशमान पद्धतीचं, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायचं असेल तर मराठी कादंबरी ८९१.४६३ वर, इंग्लंडची ८२३ वर, अमेरिकेची ८१३ वर. अनुवाद कुठं ठेवायचा हे लावणाऱ्याच्या मर्जीवर, त्यामुळं एकाच लेखकाची दोन पुस्तकं दोन टोकांच्या कपाटांत निघतात. तिन्ही जागी बघितल्याशिवाय ‘नाही’ हे उत्तर मान्य करू नका. त्याआधी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग चाळा. थ्रिलर कपाटात फार थांबत नाहीत, ढिगातून ढिगात फिरतात.

त्याच कपाटांशी उभं राहून मला सगळ्यात भरवशाची युक्ती मिळाली, आणि ती संगणकात नव्हती. जुन्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत कागदी खिसा असतो आणि त्यात कार्ड. कार्डावर दोन रकाने: सभासद क्रमांक आणि तारीख. आपल्याला आवडलेल्या तीन-चार पुस्तकांची कार्डं काढून शेजारी ठेवा. एखादा क्रमांक त्या सगळ्यांवर दिसेल. तो कोण आहे याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही आणि विचारूही नये. पण त्याची आवड आपलीच आहे. आता बाकीच्या थरारकादंबऱ्यांची कार्डं उपसत जायचं आणि तोच क्रमांक शोधायचा. जिथं दिसेल ते पुस्तक घरी न्यायचं. निळ्या शाईतला, सातातली आडवी रेघ मारायची सवय असलेला असा एक क्रमांक मला भेटला. त्यानं मला ज्या लेखकांपर्यंत नेलं तिथं एकही ‘टॉप टेन’ यादी नेत नाही. संगणक आल्यावर नव्या पुस्तकांना कार्ड लावणं बंद झालं. सोय म्हणून झालं असेल, मला तो तोटाच वाटतो. नव्या पुस्तकांत निदान परतीच्या तारखेची चिठ्ठी असेल तर तिच्यावरचे शिक्के बघा. नुसते जास्त शिक्के म्हणजे चांगलं पुस्तक नव्हे. परतीच्या मुदतीच्या आत लगेच लगेच पडलेले शिक्के हवेत. मुदतवाढीचे लागोपाठ शिक्के म्हणजे पुस्तक उशाशी पडून होतं.

आता क्रमाचं. मराठी अनुवाद मालिकेच्या क्रमानं येतातच असं नाही आणि ‘मालिकेतलं अमुकवं’ असं मुखपृष्ठावर सहसा छापत नाहीत. आतल्या श्रेयपानावर मूळ नाव आणि मूळ लेखकाच्या नावापुढं कॉपीराइटचं वर्ष असतं, ते धरा. मराठी आवृत्तीचं वर्ष दिशाभूल करतं. कुकच्या या मालिकेत लॉरी आधी येते (१९९२), स्टेपलटन नंतर (१९९५), आणि ‘क्रोमोझोम ६’ हे १९९७ चं. इंग्रजी वाचणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. नॉर्वेच्या यू नेस्बोच्या हॅरी होल मालिकेतलं पाचवं पुस्तक इंग्रजीत आधी आलं, २००५ मध्ये. पहिलं, मूळ १९९७ चं, थेट २०१२ मध्ये. तिसरं, चौथं आणि पाचवं मिळून एकच धागा चालतो, त्यामुळं पाचवं आधी वाचलं तर मागच्या दोघांची हवाच जाते. उलट ली चाइल्डचा रीचर कुठूनही उचला, फारसं बिघडत नाही.

नव्या लेखकाचं पहिलंच पुस्तक घ्यावं का? कोड्याच्या मालिकेत पहिल्याचा आग्रह नको. लेखकाचा हात तिसऱ्या-चौथ्यात बसतो. पण पात्रांची मालिका असेल तर पहिल्यापासून. गेरिट्सनच्या रिझोली (पोलीस डिटेक्टिव्ह) आणि आयल्स (शवचिकित्सक) या जोडीच्या मालिकेत मात्र गंमत आहे. २००१ च्या पहिल्या पुस्तकात रिझोली दुय्यम पात्र आहे आणि आयल्स तर त्यात नाहीच, ती दुसऱ्यापासून येते. जोडी म्हणून वाचायचं असेल त्यानं पहिल्यावरून मत बनवू नये.

लेखक मेल्यावर मालिका चालू राहते तेही बघून घ्या. मुखपृष्ठावर मूळ नाव मोठं आणि खरा लिहिणारा बारीक अक्षरात असतो. बोर्न मालिकेचे रॉबर्ट लडलम २००१ मध्ये वारले, बोर्नची पुढची बरीच पुस्तकं २००४ पासून एरिक लस्टबेडरनी लिहिली.

विकत घ्यायचं तर निपाणी-खानापूरवाल्यांनीसुद्धा बेळगावपेक्षा कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथल्या साहित्य संमेलनांतले स्टॉल आधी बघावेत. तिथं विक्रेते जुना साठा सवलतीत काढतात, आणि कथा-कवितेच्या ढिगाखाली रहस्यकथा दबलेल्या असतात. भाषणं सुरू असताना जा, गर्दी मंडपात असते.

वाचनालयात पुस्तक नसेलच तर मागणी वहीत लिहा. महाराष्ट्रातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयालासुद्धा तिथल्या १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळतं, तो कायदा सीमेच्या अलीकडं लागू नाही. इकडं खरेदी वर्गणीवर आणि देणगीवर, म्हणून समितीपुढं अर्धवट मागणी टिकत नाही. नुसतं ‘थ्रिलर आणा’ लिहिलं तर पान उलटतं. मराठी नाव, मूळ लेखक, अनुवादक, प्रकाशक आणि किंमत अशा पाच गोष्टी लिहायच्या, आणि आणखी दोन सभासदांना खाली सही करायला सांगायचं. मी त्याच वहीत दुसरी मागणी पुस्तकाची केली नाही, रकान्याची केली: ‘मूळ लेखक’ असा वेगळा रकाना हवा. तो अजून आलेला नाही. पण मधे एकदा गेलो तेव्हा ताईंनी स्वतःच नव्या अनुवादांच्या नोंदीत कंसात मूळ नाव घालायला सुरुवात केलेली दिसली. त्यांच्या पगारात हे काम बसत नाही, तरी करतात.

एक राहिलंच. जुनी पॉकेटबुकं घेताना शेवटचा फर्मा तपासा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी शिवलेलं किंवा चिकटवलेलं असतं आणि शिलाई सुटली की आधी शेवटची घडी गळते. पुठ्ठा मात्र जागेवर राहतो, त्यामुळं बाहेरून कळत नाही. पान क्रमांक शेवटपर्यंत सलग आहेत का बघा आणि शेवटच्या ओळीनंतर ‘समाप्त’ आहे का तेवढं बघा, वरचं वाक्य वाचू नका.