महालातले घड्याळवाले काका आणि आजोबांच्या डायलवरचं रेडियम

चुलतभावाच्या लग्नाला नागपूरला गेलो होतो. लग्न झालं, दीक्षाभूमी, फुटाळा, रमण विज्ञान केंद्र सगळं बघून झालं, ऊन असह्य होतं, तर्री पोहे मात्र रोज खाल्ले. पण लिहायचंय ते तिथल्या महाल भागातल्या एका गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांबद्दल.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, तेव्हाचं त्यांचं चावीचं घड्याळ बंद पडलं होतं. आकडे अंधारात हिरवे चमकायचे म्हणे, आता तपकिरी पडलेत आणि काट्यांमधला रंग भुगा होऊन सुटायला लागलाय. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, काच काढली आणि म्हणाले, "हे खरवडून नवीन रंग भरून देतो भाऊ, पाहा मंग कसं चमकते." हातात ब्लेड! मी ओरडलोच, काका थांबा.

कारण त्या काळचा चमकणारा रंग म्हणजे रेडियम. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरींनी शोधलेला, टनावारी खनिज उपसून चिमूटभर हाती लागणारा धातू. तो किरणोत्सारी असतो, त्यातून सुटणारे अल्फा कण रंगात मिसळलेल्या झिंक सल्फाइडवर आपटले की उजेड पडतो. झिंक सल्फाइड काही वर्षांत दमतं, रेडियम नाही, ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात, म्हणजे आजोबांच्या डायलवर ऐंशी वर्षांत जेमतेम साडेतीन टक्के कमी झालं असेल. ती धूळ पोटात किंवा छातीत गेली की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात नेऊन बसवतं.

"काही नाही होत जी, चाळीस वर्षं झाले हेच करून राहिलो," असं म्हणत काकांनी दुसऱ्या डायलसाठी घेतलेला बारीक ब्रश ओठांत धरून टोकदार केला. माझ्या अंगावर काटा आला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात शंभर वर्षांपूर्वी मुलींना अगदी हेच करायला शिकवलं होतं, ब्रश ओठांत, मग रंगात, परत ओठांत. यात काही धोका नाही असं त्यांना सांगितलं आणि तिथले केमिस्ट स्वतः शिशाच्या पडद्याआड काम करत होते! मुलींचे दात पडले, जबडे सडले, कितीतरी जणी गेल्या. पाच जणींनी १९२७ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं, पुढच्या वर्षी तडजोड झाली. हे वाचलं तेव्हाही संताप आला होता, पण समोर साठीपुढचा माणूस तसाच ब्रश ओठांत घेताना बघणं वेगळंच.

सगळं सांगितलं. काका गप्प ऐकत होते, मग ब्लेड ठेवलं, काच बसवली, ओल्या फडक्याने टेबल पुसलं, फडकं पिशवीत बांधलं, हात धुतले. पोराला चहा आणायला पिटाळलं आणि एक ड्रॉवर ओढला, आत असेच पिवळट डायल. "याचं काय करू जी?" म्हटलं खरवडू नका, बंद डब्यात ठेवा, मी चौकशी करतो. पैसे घेतलेच नाहीत, चहाचेसुद्धा.

घरी येऊन ऑनलाइन बघितलं तर 'ओरिजिनल रेडियम डायल' म्हणून अशी घड्याळं मिरवत विकायला ठेवलीयेत आणि काच उघडू नका एवढं एक वाक्य लिहायचं कुणाला सुचत नाही.