तुमच्या टीममध्ये कोण कोण असतं?

दर फेब्रुवारीत मी बँकेतून चार दिवस रजा टाकते, बारा-तेरा माणसं बरोबर घेते आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला एका गावात जाऊन रात्री समुद्राच्या पुळणीवर, अंडी घालायला येणाऱ्या कासवांच्या मागावर फिरते. हे ऑफिसात आता सगळ्यांना ठाऊक आहे. परत आले की जेवणाच्या सुट्टीत डबे उघडता उघडता प्रश्न येतोच, "टीममध्ये कोण कोण असतं हो? शास्त्रज्ञ असतात का?" आजवर मी "असतात कधी कधी" म्हणून भाजी पुढे सरकवत आले. यंदा पुन्हा विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगते.

शास्त्रज्ञ येतात. 2022 च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली, तेव्हा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची माणसं किनाऱ्यावर मुक्काम टाकून होती. त्या माद्यांना नावंही दिली. प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी. पेपरात छापून आली, शाळेतल्या पोरांना पाठ झाली. पण कासवीण कधी, कुठून वर चढेल याची वाट बघत मध्यरात्रीपासून वाळूत उकिडवी बसणारी माणसं कोण होती, ते कुणी विचारत नाही. तुम्ही अर्धवट का होईना, विचारलंत.

आमच्या गावात (नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय) ते काका आहेत. कागदावर 'कासवमित्र'. हंगामापुरतं मानधन मिळतं, घर त्यावर चालत नाही. घर चालतं चार आंब्यांच्या कलमांवर, थोड्या मासेमारीवर आणि मुंबईतल्या मुलावर. नोव्हेंबर ते मार्च ते रात्री एकदा आणि पहाटे चारला एकदा पुळण चालतात, ह्या टोकाच्या खडपापासून त्या टोकाच्या खाडीपर्यंत. शिमग्यात गावची पालखी नाचत असते, रात्रभर ढोल चालतो, तेव्हाही पहाटे चारला हा माणूस पुळणीवर असतो. एकदा विचारलं, तर म्हणाले, "कासवीण काय शिमगा बघून येती?"

काकांबरोबर चालणं ही एक शिकवणीच आहे. ऑलिव्ह रिडले (आमच्या किनाऱ्यावर येणारी कासवाची जात) वाळूतून वर सरकते तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटतो. एक माग वर जाणारा, एक खाली येणारा. दोन्ही सारखेच लांब असले आणि मध्ये वाळू उकरलेली दिसत नसली, तर ती नुसती येऊन गेली. वाळू विस्कटलेली असली तर अंडी असू शकतात. 'असू शकतात' म्हणायचं, कारण अंडी घालून झाली की ती खड्डा बुजवते, अंगाने धोपटून वाळू घट्ट करते आणि वर इकडची वाळू तिकडे उडवून ठेवते. नेमकी जागा कुठली ते कळू नये म्हणून. पुस्तकात लिहिलंय की काठी हलकेच टोचून बघावी, भुसभुशीत लागलं की तिथे घर. काका अनवाणी टाचेने बघतात. मी चौदा वर्षं टाच दाबतेय, मला अजून फरक कळत नाही.

सापडलं की घाई सुरू होते. दीड फुटाचा खड्डा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर, चंबूसारखा. आत शंभर-सव्वाशे अंडी. ती पहिल्या काही तासांतच हॅचरीत, म्हणजे अंडी राखायला पुळणीवरच कुंपण घातलेल्या जागेत न्यायची, कारण पुढे आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि मग अंडं उलटंसुलटं झालं की मेलंच. त्यामुळे एकेक अंडं जसं आहे तसंच उचलायचं, टोपलीत मूळ घरट्यातली ओलसर वाळू घालून त्यावर ठेवायचं, आणि तिकडे कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा, तसल्याच आकाराचा खड्डा करून त्यात भरायचं. खोली जास्त-कमी चालत नाही. वाळूच्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, जास्त ऊब लागली की माद्या. हे मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं, पहिल्या वर्षी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणून तर हात मोजून खणतो." कोपरापर्यंत हात आत गेला की दीड फूट. टेप त्यांच्या खिशात असते, ती आमच्यासाठी.

आता माझी एक गोष्ट. तिसऱ्या वर्षी मला वाटायला लागलं होतं की आपल्याला आता येतं. रात्री दीडच्या सुमारास लाटेच्या फेसात काळं काहीतरी हललं. काका पन्नास पावलं मागे होते. मी खात्री करायला मोबाइलचा उजेड टाकला. दोन सेकंद, जास्त नाही. ती थांबली, अर्धी वळली आणि पाण्यात गेली. काका आले, मागाकडे बघितलं, माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. सकाळी त्यांच्या वहीत तारखेपुढे लिहिलेलं वाचलं, "आली. परत गेली. उजेड." कुणाचा उजेड, ते लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून टीममधलं माझं काम काय, तर बारा माणसांना काकांच्या वाटेतून बाजूला ठेवणं. खरंच एवढंच. कोण कुठल्या गटात, कुणाच्या टॉर्चला लाल कागद आहे, कोण अत्तर फवारून आलंय, कुणाला ढोपराचा त्रास म्हणून अर्ध्या पुळणीवरून परत पाठवायचं. स्वयंसेवक म्हणाल तर सगळे चांगले असतात आणि पहिल्या रात्री सगळे निरुपयोगी असतात. दुसऱ्या रात्री अर्धे गप्प बसायला शिकतात. कॉलेजातल्या पोरांपेक्षा निवृत्त बायका जास्त चालतात, हा माझा अनुभव.

मग वहिनी. त्यांच्या पडवीत आम्ही झोपतो. पहाटे चारला निघताना चहा तयार असतो, सातला परत आलो की घावन. दुपारी कुळथाची पिठी आणि भात. एखाद्याचं घावन उरलं तर त्या विचारतात, "काय, गोड नाय लागलं?" आणि तो माणूस आणखी दोन खातो. पण हे सुगरणपणाचं कौतुक नाही. घरात पाहुणे राहायला लागले तेव्हापासून गावाला कासवं जगवणं परवडायला लागलं, आणि तो हिशेब वहिनींच्याच हातात आहे. कुठल्या घरी किती माणसं पाठवायची, यंदा कुणाची पाळी, कुणाच्या घरात आजारपण आहे म्हणून तिथे नको, हे त्या ठरवतात. मोहिमेचा व्यवस्थापक कोण असं कागदावर लिहायची वेळ आली तर मी त्यांचं नाव लिहीन. त्या हसतील.

कासवं राखायच्या ह्या कामाची सुरुवात वेळासची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेचे भाऊ काटदरे आणि मंडळी 2002 मध्ये समुद्रगरुडांच्या अभ्यासासाठी तिकडे फिरत होती, तेव्हा त्यांना पुळणीवर कासवाच्या अंड्यांची कवचं दिसली. अंडी माणसं नेत होती, उरली तर कुत्री-कोल्हे होतेच. 1972 च्या कायद्याने कासवाला संरक्षण होतं, पण कायदा पहाटे चारला पुळणीवर येत नाही. मग गावातल्याच माणसांना राखण करायला उभं केलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, वनखातं आलं, आणि शेजारच्या गावांनीही हॅचऱ्या घातल्या. आमचे काका लहानपणी अंडी खाल्लेले आहेत. लपवत नाहीत. "वाळूत हात घालायचा नि पिशवी भरायची," असं सरळ सांगतात. जागा बरोबर कशा सापडतात, ह्याचं उत्तरही त्यातच आहे.

पिल्लं सोडायची वेळ तुम्ही व्हिडिओत बघितली असेल. खड्ड्यावरची वाळू खचली की समजायचं, खाली हालचाल आहे. टोपलीतून पिल्लं नेऊन पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, ती वाळू त्यांनी स्वतः चालायची असते. दोरीच्या मागे गर्दी. दोरी धरून काका उभे. मागच्या वर्षी एका पाहुण्याने त्यांना म्हटलं, "ओ मामा, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." काका बाजूला झाले. मी त्या माणसाला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

2025 च्या जानेवारीत गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिला आधीच ओळखीसाठी नंबराची पट्टी लावलेली होती. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. देशाला वळसा घालून कमीत कमी साडेतीन हजार किलोमीटर. ही बातमी मी काकांना फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "नंबर कुणी वाचला?" बातमीत एवढ्या सगळ्या अंतरात त्यांना तेवढंच विचारावंसं वाटलं.

तर यायचं असेल, आणि विचारलंत म्हणजे मनात असणार, तर जाड चपला, गडद कपडे आणि टॉर्चला लावायला लाल जिलेटिनचा कागद आणा. मोबाइल वहिनींच्या फडताळात राहील. दापोलीपर्यंत एसटी मिळते, पुढचं मी बघते. आणि घावनं किती खाता ते आदल्या दिवशीच कळवा, पीठ रात्री भिजतं.