साताऱ्याचे ऊन आणि मित्राचा चेहरा

छायाचित्रणाविषयीच्या लेखनात 'सोनेरी तासा'चे कौतुक इतके होते की, सूर्यास्तापूर्वी पूर्ण तासभर मऊ, तिरपा, पिवळसर प्रकाश मिळणारच, असे नवख्याला वाटते. उत्तरेकडच्या देशांत ते खरेही ठरते, कारण तेथे सूर्य रेंगाळत मावळतो. लंडनमध्ये डिसेंबरात तो भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून १५ अंशांच्या फारसा वर चढत नाही. सातारा मात्र सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य बराच सरळ खाली उतरतो आणि क्षितिजाआधीचे शेवटचे सहा अंश, म्हणजे जेथे हा मऊ प्रकाश मिळतो तो टप्पा, ओलांडायला त्याला जेमतेम अर्धा तास लागतो. शिवाय गावाच्या पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर असल्याने ऊन पंचांगातल्या वेळेआधीच आड जाते. त्यामुळे डिसेंबरात मित्राचे पोर्ट्रेट काढायचे ठरले, तेव्हा मी दुपारी चारपासूनच, तेही सावलीत, काम सुरू करायचे ठरवले. मे महिन्यात हे धाडस केले नसते. शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि कपाळाच्या छायेत डोळे हरवून जातात. डिसेंबरात भर दुपारीही तो ४९ अंशांच्या आसपासच राहतो, ही हिवाळ्याची मोठी देणगी आहे.

मित्र सैन्यातून नुकताच निवृत्त झाला आहे. गणवेशातील त्याची छायाचित्रे घरात भरपूर आहेत. आता त्याला पांढरा सदरा आणि फेटा घालून एक छायाचित्र हवे होते. जागा मी निवडली ती संगम माहुलीची, जेथे वेण्णा कृष्णेला मिळते. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे मंदिर सुंदर आहेच, परंतु माझ्या निवडीचे कारण त्याचा काळा दगड हे होते. पोर्ट्रेटसाठी जागा पाहताना पार्श्वभूमीआधी प्रकाश कोठून येतो आणि कोठे अडतो हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

दुपार कलली की मंदिराच्या पूर्वेच्या अंगाला दाट सावली पडते आणि समोर नदीवरचे मोकळे आकाश असते. सावलीत उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर थेट सूर्य नसला, तरी ते विस्तीर्ण आकाशच त्याचा दिवा होते. दिवा जितका मोठा, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. मात्र सावलीत फार आत शिरले की प्रकाश चोहोबाजूंनी सारखाच येऊन चेहरा सपाट दिसतो. म्हणून मी त्याला दगडी छताखाली, पण अगदी कडेला उभे केले. छतामुळे वरून येणारा प्रकाश अडला, आकाशाचा प्रकाश समोरून येऊन डोळ्यांत चमकू लागला आणि दुसऱ्या बाजूच्या काळ्या भिंतीने काहीच परत न फेकल्यामुळे त्या गालावर हलकी छाया राहिली. चेहऱ्याला घडण येते ती या छायेमुळे. पांढऱ्या भिंतीजवळ हे साधले नसते.

काळ्या दगडाची एक अडचण असते. कॅमेऱ्याचे मापन चौकटीतील दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून चालते. चौकटीत काळेच अधिक असेल तर तो चित्र उगाच उजळ करतो आणि सदऱ्याच्या चुण्या पांढऱ्याफटक होऊन नाहीशा होतात. मी स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतील एका लहानशा भागाचाच प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने, केवळ चेहरा मोजला आणि कॅमेऱ्याने ते आपोआप बदलू नयेत म्हणून आकडे मॅन्युअलवर कायम केले. लेन्स ८५ मिलिमीटरची, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ २.८ इतके मोठे, त्यामुळे मागचा दगड धूसर होतो, पण ओळखू येतो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो उभे राहण्यात. कॅमेरा समोर येताच त्याचे खांदे ताठ होत, हनुवटी वर जाई, आणि "हात कुठं ठिवू, मर्दा?" असे तो पुन्हा पुन्हा विचारी. त्याला सैल हो म्हणून काहीच होत नाही. मी त्याला फेटा सोडून पुन्हा बांधायला सांगितले. हात कामाला लागले, खांदे उतरले, आणि शेवटचा पदर खोचून त्याने वर पाहिले ते छायाचित्र मला त्या दिवसातील सर्वोत्तम वाटते. मित्राचे छायाचित्र काढण्यात हा एक लाभ असतो: त्याचा खरा चेहरा कोणता, हे आपल्याला आधीच ठाऊक असते.

ऊन डोंगराआड जाण्यापूर्वी थोडा वेळ त्याला घाटावर मोकळ्यात, सूर्याकडे पाठ करून उभे केले आणि थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीने पुढून प्रकाश परतवला. फेट्याला सोनेरी कड आली, हे छान झाले. तरी मला सावलीतलेच चित्र अधिक आवडले.

घरी आल्यावर संगणकावर फक्त सावलीची निळसर झाक काढली. आपल्याकडे छायाचित्रातील माणसाला हमखास गोरे करण्याची जी रीत आहे, ती मला मनापासून खटकते. उन्हात, थंडीत वर्षानुवर्षे पहारा दिलेल्या त्वचेचा सावळा रंग आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या हाच त्याचा चेहरा आहे. छपाईसाठी चकचकीत कागद न घेता मॅट कागद घेतला, कारण ज्या भिंतीवर ते लागणार आहे तिच्यासमोरच खिडकी आहे.