टोलची पावती आणि चौदा महिने

माझा धाकटा भाऊ फेब्रुवारी 2017 ते एप्रिल 2018 नाशिकरोड कारागृहात होता. गुन्हा त्याने केलेला नव्हता. आज ज्यांच्या घरातला माणूस असा अडकला आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

भाऊ पिकअप चालवायचा. द्राक्षांचा हंगाम होता. घटनेच्या रात्री तो दिंडोरीहून माल भरून वाशीच्या मार्केटला गेला होता. त्याच रात्री शहरात एका बाईंचं मंगळसूत्र चाकू दाखवून ओढलं गेलं. दहा दिवसांनी भावाला चौकशीला बोलावलं आणि संध्याकाळी अटक दाखवली. का, तर वर्णन जुळतं. उंच, सावळा, दाढी राखलेला. हंगामात आमच्याकडे असे किती ड्रायव्हर सापडतील!

पुढे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 397 लागलं (शस्त्र वापरून लूट), म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला; तो मिळायला एप्रिल 2018 उजाडला, आणि खटला त्यानंतरही चालूच राहिला. आईच्या पाटल्या पहिल्या वकिलाच्या फीमध्ये गेल्या. कोठडीतल्या माणसाला 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. पहिल्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. आम्हाला तिथून मिळालेल्या वकीलबाईंनी कागद न कागद वाचला.

भाऊ मुलाखतीला आला की एकच सांगायचा, "ताई, घोटीच्या टोलची पावती गाडीत होती बघ." पावती सापडली, पण कोरी. त्या कागदावरची अक्षरं उन्हाने उडतात. टोलनाक्यावरचं फुटेजही तोवर पुसलं गेलं होतं. गाडीमालकाने हिशेबासाठी पावतीची झेरॉक्स काढून ठेवली होती, म्हणून गाडी नंबर आणि वेळ हाती आली. पोलिसांनी ती कधी मागितलीच नव्हती. तरी सरकारी वकील म्हणाले, पावती गाडीची आहे, चालवणाऱ्याची नाही. मला फार राग आला, पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मग मार्केटमधल्या अडत्याला साक्षीला यावं लागलं. तो दोन तारखांना आला नाही, तिसऱ्या तारखेला आला.

पण सगळा खटला उभा होता तो ओळखपरेडवर. अटकेनंतर सत्तावीस दिवसांनी जेलमध्ये नायब तहसीलदारांसमोर परेड झाली. भावासोबत सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, रांगेत उभी केली होती. बाईंनी थेट भावाच्या खांद्यावर हात ठेवला. पंचनामा वाचताना मलाच क्षणभर वाटून गेलं, यानेच तर केलं नसेल? ही गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही.

जून 2019 मध्ये बाई साक्षीला आल्या. गळ्यावर आडवा व्रण होता. दोन वर्षं मी त्यांना शिव्याशाप देत होते. तो व्रण दिसला आणि मान खाली गेली. उलटतपासात वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, परेडच्या आधी कुणाला दाखवलं होतं का? बाई सहज म्हणाल्या, "हो, ठाण्यात बोलावून एक मुलगा दाखवला होता. तोच हा." त्या खोटं बोलत नव्हत्या. अंधारात दोन क्षण दिसलेल्या चेहऱ्याच्या जागी ठाण्यातल्या ट्यूबलाइटखाली पाहिलेला चेहरा जाऊन बसला होता, आणि जेलमध्ये त्यांनी तोच ओळखला. आरोपीला परेडआधी साक्षीदाराच्या नजरेस पडू द्यायचं नसतं, ते यासाठीच.

वकीलबाईंनी युक्तिवादात सर्वोच्च न्यायालयाचा 5 मार्च 2019 चा निकाल ठेवला. जालना जिल्ह्यातल्या 2003 च्या दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात 2009 मध्ये त्याच न्यायालयाने सहा जणांना फाशी ठोठावली होती. साक्षीदार महिलेने आधी पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते, हे पुन्हा तपासताना महत्त्वाचं ठरलं आणि सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकी 5 लाख भरपाई मिळाली. तारुण्य मात्र तुरुंगातच गेलं.

सप्टेंबरमध्ये भाऊ खटल्यातून निर्दोष सुटला. सुटल्यावरही सहा महिन्यांचा बाँड आणि जामीनदार लागतो. म्हणजे पुन्हा ऐपतीचा दाखला, पुन्हा तहसील. भरपाईचं विचारलं, तर विनाकारण अटकेसाठी कायद्यात जास्तीत जास्त 1,000 रुपये आहेत, आणि तेही ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्याच्याकडून. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 व्या अहवालात अशा लोकांसाठी वेगळा कायदा सुचवला होता. तो झालेला नाही.

निकालाच्या पाच सहीशिक्क्याच्या नकला काढून ठेवा. चारित्र्य पडताळणीत गुन्हा अजून दिसतो, आणि दर वेळी एक नक्कल द्यावी लागते. आमच्याकडे आता दोन उरल्या आहेत.

भाऊ पुन्हा गाडी चालवतो. हल्ली टोलची पावती मिळत नाही, फास्टॅगचा मेसेज येतो. घोटी ओलांडली की तो मेसेज मला पाठवतो, रात्री दोन वाजले असले तरी. मी एकही पुसलेला नाही.