रात्री दहाचा प्रिंटर
लेकीचा प्रोजेक्ट, चार पानं, सकाळी सातची स्कूलबस. आणि रात्री दहाला प्रिंटर म्हणतो, 'ऑफलाइन'. दिवा हिरवा, ट्रेमध्ये कागद, टाकीत शाई. मग दुखतंय कुठे?

गेल्या आठवड्यात राउटर बदलला होता. हे महाशय अजून जुन्याच वायफायची वाट बघत बसलेले! नवीन जोडायला गेलो तर नेटवर्कचं नावच दिसेना. आमच्या प्रिंटरला वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड (लहरींचा पट्टा) कळतो, मी राउटरवर ५ चाच चालू ठेवलेला.

ते निस्तरलं, तरी कागद हलेना. दरम्यान मी रागारागात नऊ वेळा प्रिंट दाबलेलं (हो, मोजलं), त्यातलं पहिलंच अडकून बसलेलं, डिलीट म्हटलं तरी जाईना. शेवटी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईच्या कामांची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवला, सिस्टम३२ मधल्या स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फायली उडवल्या, स्पूलर परत सुरू केला. घर्र घर्र... आलं पान! मधून पांढरे पट्टे. दोनदा हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणाऱ्या छिद्रांची सफाई. त्यात किती शाई गेली ते विचारू नका.

पावणेबारा वाजता आईचा शेरा: "अरे, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला नऊपर्यंत असतो."